करपलेल्या कडा

“आजपासून या घरात साखरेचा एक कणसुद्धा शिरणार नाही!” केकमामांनी जाहीर केलं. आवाज असा, की रस्त्यापलीकडच्या माणसांनीही आपापली साखर लपवून ठेवावी.

घोषणा संपवून त्यांनी चहाचा कप उचलला, तेव्हा लेकीने विचारलं, “आणि आत्ता ढवळताय ते काय आहे बाबा?”

मामांनी कपात पाहिलं. चमचा अजून फिरत होता.

“हा शेवटचा,” मामा म्हणाले. “निरोपाचा.”

निरोप दोन चमच्यांचा होता. शिवाय वर थोडी, ओठांना लागेल एवढी.

केकमामांचं खरं नाव पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि हल्ली पत्रं येत नसल्यामुळे तोही विसरला असावा. आयुष्य सगळं बेकरीत गेलेलं. गल्लीतल्या दोन पिढ्यांचे वाढदिवस त्यांनी आपल्या भट्टीतून काढले होते. दुकान सुरू असताना त्यांच्या भुवयांवर कायम पिठीसाखर असायची. दुकान बंद केल्यावर लोकांना कळलं, की भुवया मुळातच पांढऱ्या झाल्या आहेत. अशा माणसाने साखरेला घराबाहेर काढायचं, म्हणजे माशाने पाण्याशी अबोला धरण्यातला प्रकार होता. पण कारणच तसं होतं.

मामींना कॅन्सर निघाला होता. डॉक्टरांचं म्हणणं, उपचार लागू पडतायत, धीर धरा. मामींनी धीर धरला. धरता आलं नाही ते फक्त अन्न. शिरेतून दिलेल्या औषधाने तोंडाची चवच गेली. पाणी प्यायलं तरी म्हणायच्या, नळाची तोटी चाटल्यासारखं वाटतंय. उलट्या थांबाव्यात म्हणून ज्या गोळ्या दिल्या, त्यांनी उलट्या थांबवल्या आणि रक्तातली साखर वर चढवली. म्हणून गोड कमी करायचं. आणि वजन मात्र कमी होऊ द्यायचं नाही, कारण ते आणखी घसरलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी, सोमवारी, मामींना पुन्हा वजनकाट्यावर उभं राहायचं होतं.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई वयाने लेकीएवढ्याच होत्या, पण बोलायला शांत. त्यांनी मामांना बसवून समजावलं, “गोड पूर्ण वर्ज्य असं काही नाही हं काका. सध्या बेताने, एवढंच. मुख्य म्हणजे पोटात जायला हवं. बदाम, अंडं, दही, शेंगदाण्याचं लोणी, असं ताकदीचं. स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडाचा द्या, तोंडाला लोखंड कमी लागतं. गोड नको वाटलं, तर आंबट, खारट, जरा कडसर चालतंय का बघा. आणि हो, त्यांनाच विचारा, काय खावंसं वाटतं ते.”

“विचारायचं काय त्यात?” मामा हसले. “संसार केलाय आम्ही एकत्र. तिला काय आवडतं ते मला विचारा.”

बाईंनी मामींकडे पाहिलं. मामी छताकडे पाहत होत्या. संसारभर असे प्रसंग त्या छताकडे बघूनच काढत आल्या होत्या.

घरी येताना मामांनी वाट वाकडी करून जुन्या दुकानावरून रिक्षा नेली. तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे. जिथे भट्टी होती, तिथे एका उंच खुर्चीवर माणसं एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचतात. दाराची पितळी घंटा तेवढी नव्या मालकाने ठेवली होती. रिक्षा सिग्नलला थांबली, कुणीतरी दार ढकललं आणि घंटा वाजली. “या!” मामी सवयीने म्हणाल्या. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

मामांना त्या संध्याकाळी दुकान दिसायला लागलं, ते कमी होईना. पहाटेच्या ओल्या कणकेचं वजन हातात यायचं. भट्टीचं लोखंडी दार, त्याची एकच बाजू गरम असलेली मूठ, काउंटरच्या काचेवर चढणारी वाफ आणि त्या वाफेवर शाळेतल्या पोरांनी बोटाने काढलेली तोंडं. कानामागे पेन्सिल खोचलेल्या मामी काउंटरवर उभ्या. खोक्याला दोरा बांधून दाताने तोडायच्या. कात्री समोरच असायची. पण कात्री मामांनी आणलेली होती आणि ती बोथट आहे, हे मामींना पहिल्या दिवशीच सिद्ध करायचं होतं. पुढे तीच सवय झाली.

आणि त्यांच्या पायाशी, काउंटरखाली, बिस्किटांचा एक पोचे पडलेला डबा. त्यात केकच्या कडा.

मोठ्या चौकोनी ट्रेमध्ये केक भाजला, की चारही बाजूंच्या कडा लांब सुरीने कापून काढायच्या, म्हणजे विकायचे तुकडे अंगाने सारखे दिसतात. कडा थोड्या टणक व्हायच्या. खरं सांगायचं, तर करपायच्या. भट्टीचा त्यात काही दोष नव्हता. मामांना गिऱ्हाईक मिळालं की ते बोलायला लागायचे, आणि बोलायला लागले की गावाची गटारव्यवस्था ते माणसाचा अंतिम हेतू यांच्यामध्ये कुठेच थांबायचे नाहीत. मग काउंटरवरून मामींची हाक यायची, “अहो, भट्टी बघा!” तोवर कडा व्हायच्या तशा झालेल्या असायच्या. त्या कडा मामी डब्यात टाकायच्या आणि जेवणाच्या वेळी, कारण जेवायला वेळ नसायचा, उभ्या उभ्या त्याच खायच्या.

हे आठवून मामांनी हिशेब मांडला. सगळ्या गावाला केकचा मधला, कापसासारखा मऊ तुकडा खिलवला. आणि घरच्या बाईने? घरच्या बाईने टाकाऊ खाल्लं. आता तिला मधलाच तुकडा द्यायचा, बिनसाखरेचा, पण मधला, आणि चांगल्या बशीत. मामांनी तिथल्या तिथे शपथ घेतली. शपथ घेताना त्यांचा हात साखरेच्या रिकाम्या डब्यावर होता.

*

कामाला सुरुवात झाली. घरातल्या ओव्हनला मामा तुच्छतेने ‘पेटी’ म्हणायचे. लेकीने तो आणला, त्या दिवसापासून त्यांनी त्याच्याकडे, पेन्शनीत निघालेल्या सेनापतीने खेळण्यातल्या बंदुकीकडे पाहावं, तसं पाहिलं होतं. आता त्याच पेटीसमोर ते सकाळी सातला ॲप्रन बांधून उभे राहिले.

पहिल्या दिवशी खजुराचे लाडवासारखे गोळे आणि खजुराचाच केक. मामींनी चांगल्या बशीतल्या मधल्या तुकड्याचा एक घास घेतला, दुसरा मामांच्या तोंडाकडे पाहून घेतला. संध्याकाळी लेकीने बोटाला सुई टोचून साखर तपासली आणि यंत्राकडे बघतच राहिली.

“बाबा, काय खायला घातलंत आईला?”

“साखरेचा कणही नाही!” मामा छाती काढून म्हणाले. “नुसता खजूर. तोही दाबून भरलाय, कंजूषपणा केला नाही.”

“खजूर म्हणजे काय असतं बाबा?”

“खजूर म्हणजे खजूर. झाडाला लागतो. साखर पोत्यातून येते.”

“झाडाला लागला म्हणून तो गोड नाही का?”

मामा विचारात पडले. आयुष्यभर त्यांच्या लेखी साखर म्हणजे डाव्या कोपऱ्यातलं पांढरं पोतं. त्या कोपऱ्याबाहेरही साखर असते, ही बातमी त्यांना या वयात कळत होती.

“मला कुणी सांगितलं नाही,” ते म्हणाले.

“आहारवाल्या बाई सांगत होत्या, तेव्हा तुम्ही त्यांना पफला पदर किती असतात ते सांगत होतात,” आतल्या खोलीतून मामींचा आवाज आला. बारीक होता, पण धार शाबूत.

खजूर गेला. मग ओट्सची बिस्किटं झाली. ती इतकी निरोगी होती, की कुणाला खाववतच नव्हती. मग गाजराचा केक, दह्याचा केक. साखर काढली की केकचा कणाच निघतो, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. रंग साखरेचा, ओलावा साखरेचा, उभं राहण्याची उमेदही साखरेचीच. म्हणून ते भीत भीत भाजायचे. कोरडा होईल म्हणून लवकर काढायचे, आणि पेटीतून जे बाहेर यायचं ते पांढरंफटक, मऊ, कुठल्याशा आजारातून नुकतंच उठल्यासारखं. ते मामा कडा कापून, मधला चौकोन चांगल्या बशीत घालून, मामींच्या पलंगापाशी न्यायचे.

“कसंय?”

“चांगलंय,” मामी म्हणायच्या, आणि बशी परत यायची. बशीत चौकोन असायचा, फक्त एका कोपऱ्याला दातांची शिष्टाचारापुरती खूण.

परत आलेलं सगळं शेजारचा शिंपी खायचा. त्याची बायको लेकाकडे परगावी गेली होती. “मी येतो ते मामींची चौकशी करायला,” असं तो दारातच सांगायचा आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. तिथे चौकशीला उत्तर देणारं कुणी नसायचं, हे त्याला सोयीचंच पडायचं. मामींचे गाऊन ढगळ झाले होते, ते त्याने बाजूंनी आत घेऊन दिले. त्याच आठवड्यात स्वतःच्या पँटच्या कमरेला जोड लावला. घरात केलेल्या पौष्टिक खाण्याचा परिणाम दिसत होता. फक्त माणूस चुकत होता.

गाऊन दुसऱ्यांदा आत घ्यायला दिला, तेव्हा शिंप्याने टेप गळ्यातच ठेवला आणि मामांकडे न बघता म्हणाला, “आता शिवणीला जागा उरली नाही हो.”

त्या दिवशी मामा गटारव्यवस्थेवरसुद्धा बोलले नाहीत.

*

रविवार उजाडला. उद्या वजनकाटा. लेक सकाळीच औषधं आणायला गेली होती. मामी पडल्या होत्या, स्वयंपाकघराचा वास नको म्हणून दार लोटून घेतलेलं. मामांनी शेवटचा डाव लावला. बदामाचं पीठ, अंडी, घट्ट दही, किसलेली लिंबाची साल, बिनसाखरेची कोको पावडर आणि चिमूट नव्हे, चांगलं बोटभर मीठ. दोन ट्रे केले. एक पेटीत सरकवला, दुसरा ओट्यावर वाट बघत ठेवला. तेवढ्यात शिंपी चौकशीला आला.

“काय आज?”

“बदामाचा.”

“मामी कशा आहेत?” हे विचारताना शिंप्याचे डोळे पेटीच्या काचेवर होते.

मामा खुर्चीत बसले. त्यांना कुणाशीतरी बोलायचं होतं, आणि जे बोलायचं होतं ते जिभेवर येईना. तेव्हा त्यांनी भलतंच काढलं. “तुला तो शाळेचा केक आठवतो? शाळेची इमारत केली होती मी. खिडक्या, घड्याळ, झेंड्याचा खांबसुद्धा.”

“पडली होती ती.”

“पडली नव्हती! फाटकातून नेताना हेडमास्तरांनी डावी बाजू उचलली आणि उजवी मी. माझी बाजू पोचली.”

“आणि मामी म्हणाल्या—”

“मामी म्हणाली,” मामा हसू लागले, “‘डाव्या बाजूला सातवी-ब आहे, ती तशीही पडकीच आहे. वर क्रीम लावा आणि द्या.’ आणि दिली! पोरांनी बेंचवर उभं राहून खाल्ली. त्या दिवशी तिच्या अंगावर पिवळा स्वेटर होता, कोपरापर्यंत क्रीम. मला म्हणाली, पुढच्या वर्षी पोलीस चौकी करा, ती पडली तरी कुणी रडणार नाही...”

हसता हसता मामांचा आवाज बसला. शिंप्याने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“तुझ्याशी खोटं काय बोलू,” मामा म्हणाले. “सगळ्या गावाला जमलं मला खायला घालायला. हिला जमत नाहीये.”

शिंपी काहीतरी धीराचं बोलणार होता, पण त्याचं नाक आधी बोललं. “मामा, काहीतरी जळतंय.”

बदामाचं पीठ मैद्यासारखं सोशीक नसतं, त्याला भाषण सहन होत नाही. मामांनी ट्रे बाहेर काढला तेव्हा मधला भाग बरा होता, पण चारही कडा काळपट तपकिरी, कोपरे तर सरळ काळे. मामांनी जीभ चावली. मग सवयीने दुसरा ट्रे पेटीत सरकवला, लांब सुरी घेतली आणि कडा कापून शिंप्यासमोरच्या ताटलीत टाकल्या. मधला चौकोन चांगल्या बशीत ठेवला. बशीची कड फडक्याने पुसली.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. मामी उभ्या होत्या. दोनदा आत घेतलेला गाऊन, डोक्याला रुमाल, एक हात चौकटीवर.

“अगं, उठलीस कशाला? धूर झालाय. तुला वासाने मळमळेल. मी आणतोच होतो, हे बघ, मधला—”

मामी भिंतीला धरून आल्या आणि शिंप्याशेजारच्या स्टुलावर बसल्या. नाक वर करून एकदा वास घेतला. मग मामांच्या हातातल्या चांगल्या बशीला हाताने बाजूला सारून त्यांनी शिंप्याच्या ताटलीतली एक कड उचलली. शिंप्याचा हात तिच्याच दिशेने निघाला होता, तो हवेतच थांबला. मामींनी नखाने वरचं काळं खरवडलं, ताटलीच्या कडेला झटकलं आणि कड तोंडात घातली.

कुरकुर आवाज झाला.

मामा आणि शिंपी बघत राहिले. मामींनी शांतपणे चावलं, गिळलं आणि दुसरी कड उचलली.

“अगं, करपलीये ती.”

“मग? तुमच्या कडा कधी न करपलेल्या होत्या?”

“लोखंडासारखं नाही लागत?”

“लोखंडाला झाकतंय,” मामी म्हणाल्या. “कडू आहे, खारट आहे. काहीतरी आहे बाई एकदाचं. इतके दिवस काय तो ओला कापूस भरवत होतात?”

“कापूस?” मामांना ते लागलं. “तो मधला भाग होता! तुला जन्मभर कडा खायला लागल्या, म्हणून मी ठरवलं होतं, की आता तुला मधलाच—”

“खायला लागल्या?” मामींनी चावणं थांबवलं. “अहो, काउंटरवर मी होते. सुरी माझ्या हाताशी. मधला तुकडा हवा असता, तर तुमची परवानगी काढत बसले असते का? मला मधलं कधी आवडलंच नाही. लोक येऊन मिटक्या मारत खायचे, मला वाटायचं, दात पडलेत की काय सगळ्यांचे.”

“म्हणजे त्या कडा तू—”

“त्या करपाव्यात म्हणून तर कधीकधी हाक उशिरा मारायचे.”

शिंप्याला ठसका लागला. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, जसा काही तोही या कटात सामील होता.

“इतकी वर्षं बोलली का नाहीस?” मामा म्हणाले.

“तुम्ही बोलत होतात ना,” मामी म्हणाल्या, आणि तिसरी कड उचलली. कोपऱ्याची होती, दोन बाजूंनी करपलेली. ती निवडताना त्यांची बोटं ताटलीवरून अशी फिरली, जशी काउंटरखालच्या डब्यावरून फिरायची, न बघता, आणि नेमकी. मामांनी ते ओळखलं. कितीतरी दुपारी, हात पिठात असताना, त्यांनी ती बोटं नुसती पाहिली होती आणि भलताच अर्थ लावला होता.

ताटली संपत आली. शिंप्याने स्वतःहून आपली खुर्ची मागे सरकवली. त्याच्या आयुष्यातला हा त्यागाचा प्रसंग होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“दही आहे का यात?” मामींनी विचारलं.

“घट्ट. आणि बदाम, अंडी. साखरेचा—”

“कणही नाही. ऐकलं मी तेव्हा. रस्त्यापलीकडेही ऐकलं.”

मामांचा चेहरा भट्टीचं दार उघडल्यासारखा उजळला. ते उठून उभे राहिले. ॲप्रन सारखा केला. शिंप्याने ओळखलं, आणि भिंतीला टेकून बसला.

“ऐका,” मामा म्हणाले. “आपण सगळे आजवर चुकत होतो. मी चुकलो, बेकरीचा धंदा चुकला, सगळी दुनिया मधल्या तुकड्यामागे धावत राहिली! उद्या वजनाला गेलो, की त्या आहारवाल्या बाईंना मी स्वतः सांगणार. त्यांनी विचारायला सांगितलं होतं, मी विचारलं नाही, हेही कबूल करणार. आणि मग घरोघर जाणार. जिथे जिथे कुणी तोंडाची चव गेली म्हणून पडलंय, तिथे बिनसाखरेच्या कडा घेऊन जाणार. नुसत्या कडांचा ट्रे बनवून घेऊ, मधला भागच नसलेला! तू कानामागे पेन्सिल लाव. दाराला घंटा लावू. माणूस जन्माला येतो तो कशासाठी? मी तुम्हाला सांगतो, माणूस—”

मामींनी ताटलीतला शेवटचा चुरा बोटाला चिकटवून तोंडात टाकला. मग नाक जरा वर केलं, मामांच्या खांद्यावरून मागे पेटीकडे पाहिलं, आणि थोडं थांबल्या. जरुरीपेक्षा थोडंच जास्त.

“ते सगळं करू,” त्या म्हणाल्या. “तेवढी जरा भट्टी बघा.”